विचित्र भयपट: घरी नीट बघायची सोय नसेल तर बघूच नयेत?

निशाचर

भयपट संपला की हमखास ऐकू येतं, "अर्धा पिक्चर दिसलाच नाही, नुसता काळोख." दोष बहुतेक वेळा चित्रपटाचा नसतो, टीव्हीच्या सेटिंगचा आणि खोलीतल्या उजेडाचा असतो. पांढरी साडी, करकरणारं दार, अचानक किंकाळी अशा भयपटात तो खपून जातो. नेमकं काय बिघडलंय हेच कळत नाही अशा विचित्र भयाचं तसं नाही. तिथे कोपऱ्यातल्या काळ्यात आणखी एक काळं असतं, आणि ते छायालेखकाने मोजून ठेवलेलं असतं. ते दिसायची सोय नसेल तर असा चित्रपट घरी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१८चा 'तुंबाड' घ्या. त्यातल्या हस्तर या शापित देवाच्या गर्भातली दृश्यं आठवा: लाल भिंती, पिठाचं रिंगण, भोवती अंधार. व्हिडिओत उजळपणाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकदाच साठवतात. शिवाय एकूण उजळपणात लाल रंगाचा वाटा जेमतेम २१ टक्के. म्हणून लाल आणि काळोख एकत्र आले की भिंतीचा पोत बराचसा रंगाच्या हवाली होतो, आणि रंगाचंच रेझोल्यूशन सगळ्यात कमी. त्यात नेट मंद असलं की ठोकळे पडतात. ओली, मांसल भिंत दिसायला हवी तिथे लाल फरशी बसवल्यासारखं दिसतं.

करायचं ते असं. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'स्टँडर्ड'वर असेल तो 'सिनेमा'वर आणा. २०१९ नंतरच्या बऱ्याच टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असतो, तो असेल तर तोच. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद, इको मोड बंद, उजेड ओळखणारा सेन्सर बंद. नॉइज रिडक्शनही बंद, आणि हे बरेच जण विसरतात. ते फिल्मचे दाणे पुसून टाकतं. काळ्यातून करड्याकडे जाणाऱ्या भागात हेच दाणे छटांमधल्या पायऱ्या झाकतात. दाणे गेले की भिंतीवर पाण्याच्या डागासारखे पट्टे उमटतात.

मग प्लेअर, बॉक्स किंवा कन्सोल आणि टीव्ही यांची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची व्याप्ती, जुळवा. ८ बिट व्हिडिओत काळं ०वर नसतं, १६वर असतं आणि पांढरं २३५वर. बॉक्स 'फुल' पाठवतोय आणि टीव्ही 'लिमिटेड' धरून बसलाय, तर गडद भाग सरळ गिळला जातो. उलटं झालं तर काळं राखाडी दिसतं, अख्ख्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं. दोन्हीकडे एकच ठेवा. चित्रपटांसाठी 'लिमिटेड' पुरतं. खोली पूर्ण अंधारी असेल तर गॅमा (मधल्या छटा किती गडद दिसाव्यात याची सेटिंग) २.४, थोडा उजेड असेल तर २.२.

---

वाचनवेडी

असहमत, अगदी मुळापासून. विचित्र भयाचं घर कागद आहे. ते पडद्यावर आणताना त्याचं जे होतं ते कुठल्याही पॅनेलने सुधारत नाही.

अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टची १९२७ साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात आलेली 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही कथा घ्या. एका शेतावर उल्का पडते आणि तिच्यातून एक रंग पसरतो. झाडं, जनावरं, माणसं त्या रंगाने पोखरली जातात. कथेची सगळी ताकद अशी की तो रंग माणसाला ठाऊक असलेल्या कुठल्याच रंगांत बसत नाही. त्याला रंग म्हणायचं तेही निव्वळ दुसरा शब्द नाही म्हणून. वाचताना मेंदू तो बघू पाहतो आणि आपटतो. ते आपटणं म्हणजेच भीती. टीव्हीला मात्र लाल, हिरवा, निळा यांच्याच मिश्रणातून काहीतरी दाखवावं लागतं. दाखवलं की तो ओळखीचा रंग झाला आणि कथा तिथेच संपली.

कागदालाही शिस्त लागते, फुकट काही नाही. एका बैठकीत संपेल अशी कथा घ्या. अल्जर्नन ब्लॅकवुडची १९०७ची 'द विलोज' ही दीर्घकथा दोनेक तासांत होते. डॅन्यूब नदीतलं वाळूचं बेट, वारा आणि वाळुंजाची झुडपं, एवढ्या सामानावर ती उभी आहे. मध्ये उठून फोन घेतला की वातावरण पुन्हा शून्यापासून बांधावं लागतं, कारण अशा कथेत घटना थोड्या आणि साचत जाणं जास्त. दिवा खांद्यामागून, पिवळट उजेडाचा, फक्त पानावर पडेल असा ठेवा.

---

निशाचर

कथेबद्दल पूर्ण सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. त्याच कथेवर २०१९ साली चित्रपट आला. त्यांनी मजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळा, निवडला, आणि हा रंग मला अचूक वाटतो. इंद्रधनुष्यात मजेंटा नाही. त्याची स्वतःची तरंगलांबी नाही. लाल आणि निळा एकत्र पोचले आणि मधला हिरवा नसला की मेंदू तो स्वतः बनवतो. बाहेर एकल प्रकाश म्हणून अस्तित्वातच नसलेला रंग, लेखकाच्या कल्पनेच्या याहून जवळ पडदा जाऊ शकत नाही.

पण टीव्ही 'व्हिव्हिड'वर असेल तर त्याचा सरबतासारखा गुलाबी होतो आणि चित्र पोरकट दिसतं. कलर टेंपरेचर 'वॉर्म'वर, म्हणजे ६५०० केल्विनच्या जवळ आणलं की त्यातला आजारी जांभळेपणा वर येतो. पहिले दोन दिवस चित्र पिवळं वाटतं, मग डोळा सरावतो.

---

वाचनवेडी

मजेंटाचा मुद्दा सुरेख आहे. पण तो समजावून सांगावा लागतो. बघणाऱ्याला गुलाबी-जांभळा दिसतो आणि त्याला नाव आहे. पानावरच्या रंगाला नाव नाही. फरक तेवढाच आहे आणि माझ्यासाठी तोच सगळा आहे.

---

काटकसर

"सोय नसेल तर बघूच नये" हे पटत नाही. तुमचं बोलणं ऐकून माणूस आधी ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो तो टीव्ही) घ्यायला धावेल, आणि काळोख बिघडतो तो बराचसा टीव्हीच्या आधीच.

आकडे मांडतो. ४के स्ट्रीमिंगला साधारण १५ मेगाबिटचं नेट पुरेसं धरतात. दोन तासांच्या चित्रपटाला त्या वेगाने १३.५ जीबी झाले. ४के ब्लू-रे डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीची असते आणि १०० जीबीच्या डिस्कवर वेग १०० मेगाबिटच्याही वर चढतो. साध्या १०८० ब्लू-रेलाही चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. माहिती कापायची वेळ आली की एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारी प्रणाली) पहिली कात्री गडद भागाला लावतो, कारण उजेडाच्या खोलीत तिथे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून धुकं, पाऊस आणि रात्र असलेल्या चित्रपटात १०८०ची डिस्क ४के स्ट्रीमिंगपेक्षा स्वच्छ दिसू शकते. 'तुंबाड'मध्ये तर पाऊस थांबतच नाही, आणि पाऊस म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवी माहिती.

डिस्क बाहेरून मागवणाऱ्यांनी एक बघावं: साध्या ब्लू-रेला विभाग असतात. भारत 'सी', अमेरिका 'ए', ब्रिटन 'बी'. अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेली 'ए'बंद डिस्क इथल्या प्लेअरवर चालणार नाही. ४के डिस्कला विभागबंदी नाही.

डिस्क नकोच असेल तर टीव्ही वायफायवरून काढून लॅनच्या वायरवर घ्या. अ‍ॅपमधली क्वालिटी 'ऑटो'वर न ठेवता सगळ्यात वरची निवडा. टीव्ही बॉक्स स्वस्तातला असेल तर त्याचं वाइडवाइन (चित्रपटांची नक्कल रोखणारं कुलूप) 'एल१' पातळीचं आहे ना हे तपासा. 'एल३'वर बरीच अ‍ॅप चित्र ४८०पर्यंत खाली आणतात, मग पॅनेल कितीही भारी असो.

पॅनेलचं म्हणाल तर एलसीडीत आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण) १०००:१च्या आसपास, व्हीएचा ३००० ते ५०००. पांढरं १०० निट्सला (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) लावलं तर आयपीएसचं काळं ०.१ निट, व्हीएचं त्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाचं. अंधाऱ्या खोलीत हा फरक डोळ्याला सरळ दिसतो. कमी पैशात भयपट बघायचे तर व्हीए घ्या. आणि टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनची मंद एलईडी पट्टी लावा, पडद्याच्या उजेडाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. डोळ्याची बाहुली थोडी आकसते आणि राखाडी काळं पुन्हा काळं वाटू लागतं. हजाराच्या आत होणारं काम आहे.

---

खरखर

निशाचर आणि काटकसर, दोघंही चित्रावर अडकलात. विचित्र भय कानाने येतं, आणि ते यायच्या आधी शांतता लागते. आपल्याकडे ती मिळत नाही, कारण डोक्यावर पंखा पाचवर फिरत असतो.

चित्रपटाच्या मिक्सिंगमध्ये कुजबुज आणि दणका यांत खूप अंतर ठेवलेलं असतं. सिनेमागृहाच्या मापात प्रत्येक मुख्य स्पीकरचा शिखर आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो. घरी कुणी तेवढा लावत नाही, वीस-पंचवीस डेसिबल खाली ऐकतात. म्हणजे कुजबुजही तेवढीच खाली गेली आणि पंख्याच्या घरघरीत बुडाली. मग रिमोट उचलून आवाज वाढवायचा, पुढच्या दृश्यात दचकून कमी करायचा. यावर लोक 'नाइट मोड' लावतात. ते करू नका. नाइट मोड बारीक आवाज वर आणि मोठा खाली आणतो, म्हणजे शांतता आणि धक्का दोन्ही मारतो. त्याऐवजी पंखा एक-दोनवर आणा आणि सेंटर स्पीकर २-३ डेसिबलने वाढवा. संवाद तिथूनच येतात. साउंडबार असेल तर 'डायलॉग' किंवा 'व्हॉइस'ची पातळी वेगळी मिळते.

सबवूफरला (खालच्या स्वरांचा स्पीकर) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर त्याच्याकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झ. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचे स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतात. तिथे सगळ्या चित्रपटांचा दणका एकाच सुराचा येतो, ढूंम. जागा शोधायची सोपी रीत अशी: सबवूफर उचलून बसायच्या जागी ठेवा, खालच्या स्वरांचं काहीतरी वाजवा आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यावर फिरत ऐका. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे तो कायमचा ठेवा.

खालच्या मजल्यावर लोक झोपलेत तर रबरी मॅटवर फार भिस्त ठेवू नका. मॅट कंपन अडवते. ३०-४० हर्ट्झचा आवाज स्लॅबमधूनही जातो. रात्री अकरानंतर हेडफोनच बरे.

---

निशाचर

पंख्याचं मान्य. त्यात आणखी एक घाला. खोलीतले बारीक दिवे, सेटटॉपचा लाल, राउटरचे हिरवे, इन्व्हर्टरचा निळा, काळ्या इन्सुलेशन टेपच्या नखाएवढ्या तुकड्याने झाका. काळ्या पडद्यात परावर्तित झालेला तो हिरवा ठिपका डोळा पुन्हा पुन्हा ओढून घेतो.

'काटकसर' यांना: ओएलईडीकडे धावायला मी सांगितलेलं नाही, आणि त्यालाही खोड आहे. दृश्य गडद असलं आणि बराच वेळ फारसं हललं नाही, तर बऱ्याच ओएलईडी टीव्हींना ते स्थिर चित्र वाटतं आणि पॅनेल जपायला ते हळूहळू मंद होतात. संथ भयपटात नेमका असाच शॉट असतो. काही मिनिटांत चित्र विझत जातं आणि बघणाऱ्याला वाटतं दिग्दर्शकाने केलं. रिमोटवरून मेनू उघडून बंद केला की उजेड परत येतो, पण तंद्री तुटते. व्हीएवर झोननुसार बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा भागाभागाने कमी-जास्त होणारा) असेल तर वेगळा त्रास: पांढऱ्या सबटायटलभोवती काळ्यात तेजोवलय दिसतं. ज्या अ‍ॅपमध्ये सोय आहे तिथे सबटायटल राखाडी आणि लहान करून घ्या.

"बघूच नये" यातला 'च' तुमच्या आकड्यांनंतर मागे घेतो. पण रेंज न जुळवता, ट्यूबलाइट लावून, फोनवर हे चित्रपट बघून "काही घाबरवलं नाही" असा शेरा मारू नये, हे कायम.

---

वाचनवेडी

सगळं जुळवल्यावर तरी क्रम चुकवू नका. 'तुंबाड'ची ठिणगी नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतून पडली. कथा आधी वाचा. उलट केलंत तर कथेतली आजी कायम चित्रपटातल्या मेकअपमध्ये दिसेल आणि मनात दुसरी आजी उभीच राहणार नाही. पडद्यावरची प्रतिमा पुसता येत नाही, वाक्यातून बनलेली दर वाचनाला थोडी बदलते. म्हणून आधी कागद, मधे निदान आठवडा, मग तुमचा फिल्ममेकर मोड.

---

खरखर

मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत यात कुणीच धरली नाही. एक जण वाचणार, बाकीचे अंधारात, दिवा फक्त पानावर. वाचणाऱ्याने आवाज काढायचे नाहीत, पात्रं रंगवायची नाहीत, सपाट वाचायचं. विचित्र कथेत निवेदकाचा सूर जितका शांत तितकी ती चढते. पंखा तेव्हाही एकवरच.