टूम्बस्टोनला मराठीत काय म्हणावं?

उत्तररात्र:
आमच्याकडच्या नव्या पोरांसाठी कॅसँड्राची टिपणं मराठीत काढतेय. 'टूम्बस्टोन'वर गाडी अडलीय. या डेटाबेसमध्ये ओळ पुसली तरी लगेच जात नाही. 'ही गेली' अशी खूण लिहिली जाते, आणि पुढे कधीतरी कॉम्पॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाच्या फाइली एकत्र करून नव्याने लिहिताना, ओळ आणि खूण दोन्ही निघतात. मी 'थडगं' लिहिलं, तर साहेब म्हणाले, 'अभद्र शब्द नको.' इशारेही मराठीत हवेत. एका वाचनात १००० पेक्षा जास्त थडगी लागली की लॉगमध्ये ओरड, लाखावर गेली की क्वेरीच बंद.

खिळेमोळे:
थडगं चुकीचंच. थडग्याखाली माणूस असतो. इथे खूण एका फाइलीत, प्रेत भलत्याच. 'वीरगळ' लिहा. कानडी 'कल्लु' म्हणजे दगड, त्यातला तो गळ.

शुद्धमती:
वीरगळ लढून मेलेल्याचा. तुमच्या ओळींनी कुठली लढाई मारली? 'लोपचिन्ह' हा स्वच्छ शब्द असताना ही यातायात कशाला?

उत्तररात्र:
लोपचिन्ह म्हटलं की पोरं अवग्रह शोधत बसतील.

अर्धवट:
शब्द घरातच आहे. खूण किती दिवस ठेवायची? मुळातली मुदत ८,६४,००० सेकंद. ८६,४०० ने भागा. दहा दिवस. सुतक! तेवढ्यात सगळ्या नोडना, म्हणजे डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या यंत्रांना, बातमी पोचली पाहिजे. एखादा नोड बंद होता आणि बाराव्या दिवशी उठला, तर पुसलेली ओळ तोच सगळ्यांना परत वाटतो. आमच्याकडे बंद केलेलं एक खातं असं परत आलं. त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या तेव्हा कळलं.

भाऊसाहेब_निवृत्त:
सुतक सरसकट दहा दिवस नसतं. लांबच्या भाऊबंदांना तीनच.

अर्धवट:
मुदत टेबलागणिक बदलता येते, भाऊसाहेब. तेही बसलं.

उत्तररात्र:
सुतक मुदतीला झालं, दगडाला नाही. शिवाय त्या दहा दिवसांत 'नोडटूल रिपेअर' ही आज्ञा चालवायची असते. मी 'दुरुस्ती' लिहिलं, तर एका पोराने विचारलं, 'ताई, मोडलंय काय?'

भाऊसाहेब_निवृत्त:
हे रिपेअर करतं काय?

उत्तररात्र:
प्रत्येक नोड आपल्या डेटाचं हॅशचं, म्हणजे डेटावरून काढलेल्या छोट्या ठशांचं, झाड करतो. शेंडे जुळले तर काम संपलं. नाही तर खालच्या फांद्या ताडायच्या, आणि फरक निघेल तेवढाच डेटा एकमेकांना द्यायचा.

भाऊसाहेब_निवृत्त:
मग ही रुजुवात! बँकेत ३४ वर्षं केली. आधी एकूण बेरीज बघायची. जुळली तर सहाची गाडी. नाही जुळली तर पान-पान, आणि बहुतेक वेळा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेले असायचे.

शुद्धमती:
रुजू अरबी आहे. 'मेळ' का नको?

खिळेमोळे:
तुमची 'यातायात' मराठी, आणि यांची रुजुवात परकी? ती दोनशे वर्षं दप्तरात बसलीय, राहू द्या. खरा घोळ 'क्लीनअप'चा आहे. आमच्या टिपणात कुणीतरी 'साफसफाई' लिहिलं होतं. एका पोराने थडगी काढायला म्हणून रात्री 'नोडटूल क्लीनअप' मारलं. दोन मिनिटांत संपलं, पोरगं खूश. सकाळी इशारे होते तेवढेच! क्लीनअप म्हणजे नवा नोड आल्यावर जो डेटा त्याच्याकडे गेला, तो जुन्याने काढून टाकणं. बदली झाली की जुन्या कपाटातल्या फायली काढतात, तसं. त्या रात्री नवा नोड नव्हता, तर निघणार काय?

शुद्धमती:
'यातायात' संस्कृत आहे, गतागत पाहा. आणि रुजुवात लिहिणार असाल तर निदान नीट लिहा. अलीकडे वर्तमानपत्रांत सर्रास 'रुजवात' छापतात, 'लोकशाहीची रुजवात' वगैरे.

अर्धवट:
ती रुजण्यावरून आली असणार. बी पेरायची ती रुजवात, हिशेबाची ती रुजुवात. दोन वेगळे शब्द.

भाऊसाहेब_निवृत्त:
आमच्या शाखेत तर सगळे 'रुजवात'च म्हणायचे.

शुद्धमती:
म्हणूनच ५४ चे ४५ व्हायचे.