ब्राउझरने साठवलेलं आपलं सामान: तुमचे अनुभव लिहा

माहुलीकर:
परवा लेकीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला साताऱ्यात पोवई नाक्याकडच्या एका सेंटरवर गेलो होतो. मोबाईल नंबरच्या रकान्यात तिथल्या मुलाने नुसता ९ दाबला आणि खाली अनोळखी नंबरांची रांगच उघडली. ईमेलला तेच, जन्मतारखेला तेच. आमच्या आधी त्या खुर्चीसमोर बसून गेलेल्या सगळ्या लेकरांची माहिती. मी त्याला म्हटलं, आमचं झालं की आमच्या ओळी काढ. बाणाच्या बटणाने त्या ओळीवर जायचं आणि शिफ्ट-डिलीट दाबायचं, ओळ जाते. त्यालाही माहीत नव्हतं, पण लगेच शिकला आणि मागच्याही काढत बसला. चांगला पोरगा आहे.

त्यावरून २००६-०७ मधला राजवाड्याजवळचा नेट कॅफे आठवला. फळ्यांचे कप्पे, ऑर्कुटसाठी रांग. तिथले काका गिऱ्हाईक उठलं की पुढच्याला लगेच बसू द्यायचे नाहीत. आधी टूल्समध्ये जाऊन इंटरनेट ऑप्शन्स उघडायचे आणि कुकीज (आपलं लॉगिन लक्षात राहावं म्हणून साइट ठेवते त्या नोंदी), फाइल्स, हिस्टरी अशी तिन्ही वेगवेगळी बटणं दाबायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. "लोकांचं हाय ते, आपल्या दुकानात कशाला ठिवायचं" म्हणायचे. असा माणूस मला नंतर भेटला नाही. तुमच्याकडचं लिहा.

हळदपेठ:
आमच्या सांगलीच्या दुकानात सगळ्यांना एकच कॉम्प्युटर. कामावरच्या मुलाने मेल बघायला क्रोमवर वर कोपऱ्यात साइन इन केलं आणि सिंक चालू राहिलं. त्याच्या घरच्या फोनवरचे पासवर्ड, बुकमार्क, हिस्टरी सगळं दुकानात हजर. बिचारा रडकुंडीला आला. आता ज्याचं त्याचं प्रोफाइल वेगळं केलंय, आणि पाहुणा आला तर गेस्ट विंडो. ती बंद केली की त्यातली हिस्टरी आणि कुकीज राहत नाहीत. गिऱ्हाईक आलं, नंतर लिहितो

वाईकरीण:
@माहुलीकर ते सेंटर कुठलं हो? उत्पन्नाचा दाखला पण करतात का? आमच्याकडे सारखं सर्व्हर डाऊन म्हणतात

कृष्णाकाठ:
२०१९ चा पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टला पाणी ५७ च्या वर गेलेलं. खालच्या मजल्यावरचा पप्पांचा कॉम्प्युटर गेला, कपाट गेलं, पासवर्ड लिहिलेली त्यांची लाल वहीपण गेली. मिरजेला मामांकडे होतो आम्ही. तिथे मामेभावाच्या लॅपटॉपवर नवीन प्रोफाइल काढून पप्पांचं लॉगिन केलं तर वीजबिल, बँक, आत्याच्या गावचे सातबारे काढायची लिंक, सगळं जसंच्या तसं समोर आलं. पप्पा कितीतरी वेळ नुसतेच बघत होते. परतताना ते प्रोफाइल आठवणीने काढून टाकलं. त्यामुळे साठवूच नये असं मी म्हणणार नाही. आपल्या खात्यात असावं, कुणाच्या मशीनवर नसावं. त्या दिवसात शिराळ्याच्या एका मावशींनी आम्हाला भाकरी पाठवल्या होत्या, त्यांचं नावही कळलं नाही.

हळदपेठ:
@कृष्णाकाठ आमचा पण माल गेला तेव्हा. आठवलं तरी पोटात गोळा येतो

लॅबवाली:
मी कराडजवळ कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. मुलांचा पक्का समज असतो की इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी विंडो, उघडली की कुणालाच दिसत नाही. ते फक्त त्या कॉम्प्युटरवर हिस्टरी ठेवत नाही. कॉलेजच्या नेटवर्कला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, ज्या साइटवर गेलात तिला कळायचं ते कळतंच. अमेरिकेत याच मुद्द्यावर २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

मला त्याहून जास्त काळजी डाउनलोड्सची वाटते. हिस्टरी पुसली, इनकॉग्निटो बंद केलं तरी उतरवलेली फाइल फोल्डरमध्ये तशीच राहते. ॲडमिशनच्या दिवसात आमच्या मशीनवर ई-आधारच्या पीडीएफ पडलेल्या असतात. त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. शेजारीच त्याच मुलीची मार्कशीट पडलेली असते, मग राहिलं काय? रोज संध्याकाळी मी ते फोल्डर रिकामं करते, रिसायकल बिनसकट. कुणी सांगितलेलं काम नाही, पण पोरींची माहिती आहे, मला झोप लागत नाही त्याशिवाय.

माहुलीकर:
@लॅबवाली ताई, आमचे काकाच आठवले.

सदरबझार:
सासूबाईंच्या फोनवर दर पाच मिनिटांनी "व्हायरस आलाय" असं यायचं. त्या घाबरून फोन बंद करून ठेवायच्या. कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनसाठी अलाऊ दाबलं गेलेलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज > नोटिफिकेशन्स, तिथून ती साइट काढली, थांबलं. कुकर लावलाय, बाकी नंतर

तासगावकर:
दादा गेला मागच्या वर्षी. वहिनींना त्याच्या फोनचा पिन माहीत होता म्हणून सेव्ह केलेले पासवर्ड उघडले आणि विम्याचे हप्ते, लाइटबिल, पोरांची फी कुठून जाते ते कळलं. नाहीतर कुठं कुठं हिंडलो असतो. पत्त्याच्या रकान्यात अजून त्याचं नाव आपोआप येतं. वहिनी म्हणाल्या ते काढू नको. नाही काढलं.

वाईकरीण:
@तासगावकर दादा, वाचून भरून आलं. वहिनींना सांभाळा.

कृष्णाकाठ:
@तासगावकर गूगल खात्यात इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे. आपण बराच काळ खातं वापरलं नाही तर ठरवलेल्या माणसाला कळवतात आणि आपण निवडलेला डेटा देतात. पप्पांचं मी त्यांच्यासमोर बसून भरलं. त्यांनीच आईचं नाव सांगितलं.

सदरबझार:
एक विचारायचं होतं, हिस्टरी पुसली की पासवर्ड पण जातात का? ह्यांनी पुसायला घेतलंय आणि मी थांबवून ठेवलंय

लॅबवाली:
@सदरबझार नाही जात. ते पासवर्ड मॅनेजरमध्ये वेगळे असतात. कुकीज पुसल्या तर मात्र सगळीकडून लॉगआउट व्हाल, म्हणून आधी पासवर्ड सेव्ह आहेत का बघा. आणि सिंक चालू असेल तर इथे पुसलेली हिस्टरी दुसऱ्या फोनवरूनही जाते, तेही सांगा त्यांना.

राजपथ७७:
@माहुलीकर ते काका म्हणजे जिन्याखाली रसाचं गुऱ्हाळ होतं तिथले का? आता त्यांचा मुलगा झेरॉक्स आणि लॅमिनेशन बघतो. काका संध्याकाळी बसतात दुकानात.

माहुलीकर:
हो हो तेच! सोमवारी जातो.