हरल्यानंतरचे जॉन क्विन्सी ॲडम्स

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हणजे एका टर्ममध्ये आटोपलेले अपयशी अध्यक्ष, असं म्हटलं जातं. अध्यक्षपदापुरतं ते खरं आहे. 1824 च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं, प्रतिनिधीगृहानं (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं) त्यांना निवडलं आणि 1828 च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सननी हरवलं. पण माणूस तिथे संपला नाही, हे सांगायलाच हवं.

1831 मध्ये ते साधे खासदार म्हणून त्याच प्रतिनिधीगृहात जाऊन बसले! माजी राष्ट्राध्यक्ष, साठी उलटलेली. 1836 मध्ये सभागृहानं लोकांकडून येणारे गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेविना बाजूला टाकायचा नियम केला. ॲडम्स दर अधिवेशनात तेच अर्ज घेऊन उभे राहायचे. आरडाओरडा व्हायचा, निषेधाचा ठराव आणायचेही प्रयत्न झाले, ते बधले नाहीत. आठ वर्षांनी, डिसेंबर 1844 मध्ये, त्यांच्याच प्रस्तावावर तो नियम रद्द झाला. मला त्यांची ही चिकाटी अध्यक्षपदाहून मोठी वाटते. मधे 1841 ला, त्र्याहत्तराव्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात गुलाम म्हणून नेलं जात असताना ‘आमिस्टाड’ जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी बंदिवानांची बाजूही त्यांनी मांडली, आणि ते बंदिवान सुटले.

21 फेब्रुवारी 1848 ला ते सभागृहात आपल्या जागेवरच कोसळले. हलवण्यासारखी अवस्था नव्हती, म्हणून सभापतींच्या दालनात कोचावर ठेवलं. दोन दिवसांनी तिथेच गेले.