छातीत दुखतच नसेल तर डिसेक्शन (महाधमनीच्या भिंतीला आतून पडलेली फाट) ओळखायचं कसं? छोट्या कॅज्युअल्टीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. हाताशी ईसीजी, एक्सरे आणि साधं सोनोग्राफी मशीन, सीटी अँजिओ (धमन्यांचा सीटी स्कॅन) करायचा तर जिल्ह्याला पाठवावं लागतं, ९० किलोमीटर. इथे इमर्जन्सी आणि कार्डिओवाले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय.

मागे एक काका आले, साठीच्या आसपासचे, बीपीच्या गोळ्या मनानेच बंद केलेल्या. मोटार चालू करायला वाकले आणि डावा पाय एकदम बधिर, उभंच राहता येईना, मुलाने मोटरसायकलवर मधे बसवून आणलं, आणि येईपर्यंत पाय थोडा हलायलाही लागला होता. छातीत दुखतंय? नाही. पाठीत, पोटात? नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच, लकवा नाहीतर मणक्यातली नस. सिस्टरने उजव्या हाताला बीपी घेतलं तर वरचं ९४, आणि काका तर व्यवस्थित बोलतायत, म्हणून तिला वाटलं कफच गेलाय, तिने वॉर्डातून दुसरा कफ आणला आणि उजव्या हाताला तोवर सलाईन लागलं होतं म्हणून डाव्या हाताला बांधला. १६८! मग पाय चाचपला तर गार, आणि जांघेतली डावी फेमोरल नाडी लागेचना. खोदून विचारल्यावर म्हणाले, "वाकलो तवा मानंत सर्रकन काहीतरी गेलं, पन लगेच थांबलं." ईसीजी नॉर्मल, एक्सरेत मेडियास्टायनम (छातीचा मधला भाग) मला तरी रुंद वाटलं नाही. पाठवलं. टाइप ए डिसेक्शन (हृदयाजवळची महाधमनी फाटलेली) निघालं, महाधमनीच्या मुळापासून डाव्या पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीपर्यंत, ऑपरेशन झालं आणि काका आता घरी आहेत.

माझा प्रश्न पुढचा आहे. एडीडी स्कोअर (डिसेक्शनचा धोका मोजणारा, तीन गटांचे ० ते ३ गुण) मोजला तर या काकांना १ च मिळतो, कारण पल्स नाही आणि दोन हातांच्या बीपीत फरक हे दोन्ही तपासणीच्या एकाच गटात येतं, दुखण्याचा गट तर रिकामाच. मग १ वाल्याचं डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात वाढणाऱ्या घटकाची तपासणी) करत बसायचं का? आमच्याकडे ते बाहेरच्या लॅबमधून येतं, येईल तेव्हा येईल. आणि न दुखणाऱ्यांमधे कोणाला पाठवायचं, प्रत्येक पाय बधिर झालेल्याला तर ९० किलोमीटर पाठवू शकत नाही ना. शिवाय वाटेत बीपी कुठल्या हाताचं धरायचं?

प्रतिसाद (इमर्जन्सी मेडिसिन, मेडिकल कॉलेज):
मॅडम, आधी सिस्टरला चहा पाजा. न दुखणारं डिसेक्शन दुर्मिळ आहे पण इतकंही नाही, आयआरएडी या आंतरराष्ट्रीय नोंदणीत साधारण ६ टक्के पेशंटना दुखलंच नव्हतं, आणि असे लोक चक्कर, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर अशा वेषात येतात. डी-डायमर ५०० च्या खाली आणि स्कोअर ० किंवा १ असेल तर डिसेक्शन बाजूला ठेवता येतं हे २०१८ च्या अ‍ॅडव्हाइज्ड अभ्यासात आलंय, पण ते कारण सापडत नसलेल्या धूसर केससाठी वापरा. पल्सच गायब असताना रिपोर्टची वाट कसली बघायची, सरळ सीटी. भिंतीतच रक्त साकळलं असेल तर डी-डायमर फसवतं हेही लक्षात असू द्या. उलट बाजूही सांगतो, दोन हातांत २० चा फरक धडधाकट माणसातही सापडतो, नुसत्या त्या आकड्यावर कोणाला पाठवू नका. मी एवढंच बघतो की एकाच वेळी दोन न जुळणाऱ्या गोष्टी आहेत का. लकवा आणि गार पाय, चक्कर आणि डायस्टोलिक मर्मर (झडप गळत असल्याचा हृदयातला आवाज), इन्फिरिअर एमआय (हृदयाच्या खालच्या भागाचा अ‍ॅटॅक) आणि हाताची पल्स नाही. अशा वेळी थ्रोंबोलाइझ करायच्या (गुठळी विरघळवणारं औषध द्यायच्या) आधी हात आखडता घ्या. गार पाय बघून सर्जन रक्त पातळ करणारं हेपरिन सुरू करा म्हणतील, तिथेही.

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ):
बीपी जास्त असेल त्या हाताचंच खरं. ९४ धरून सलाईन सोडत बसलात तर फाट आणखी वाढते. पल्स ६० च्या खाली आणि वरचं बीपी १०० ते १२० मधे आणायचं, पण आधी बीटा ब्लॉकर (नाडी संथ करणारं औषध). नुसतं एनटीजी (नायट्रोग्लिसरिन, रक्तवाहिन्या सैल करणारं) लावलं तर पल्स पळते, तेच नको असतं. बीटा ब्लॉकर म्हणून लॅबेटॅलॉल २० मिग्रॅ सावकाश, मग दर दहा मिनिटांनी बघून पुढचा डोस. कॅज्युअल्टीत नसेल तर लेबर रूममधे बघा, प्रेग्नन्सीतल्या बीपीसाठी तिथे असतंच. आणि दुखत असेल त्याला फेंटानिल (वेदनाशामक) द्या, दुखणं कमी झालं की बीपीही आपोआप उतरतं. खरोखर शॉकमधे असेल, हृदयाभोवती पाणी दिसत असेल तर मात्र बीटा ब्लॉकर नको. तुमच्या सोनोग्राफीवर तेवढं दिसतं, आणि पोटातल्या महाधमनीत कधीकधी फडफडणारा पडदाही दिसतो. दिसला तर पक्कं, नाही दिसला म्हणून सुटका नाही.

धागाकर्ती:
सर, मॅडम, दोघांचे मनापासून आभार, लेबर रूमचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून केसपेपरवर बीपीचे दोन रकाने. आता एकच, हे लॅबेटॅलॉल १०८ मधे वाटेत चालू ठेवायला तुम्ही लेखी ऑर्डर देता का तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेता? आमच्याकडे गाडी हलली की पुढचं बीपी थेट जिल्ह्यातच घेतलं जातं.