जर्मनीहून आलेली मुलगी घरात आणि शाळेत रुळावी म्हणून काय करावे?

प्रश्न
रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून जर्मनीची एक १६ वर्षांची मुलगी तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात आमच्या घरी राहायला आली आहे. परदेशी नागरिकांची नोंदणी, गणवेश, शाळेची रिक्षा ही कामे वेळेत पार पडली. अडचण निराळीच आहे. शाळेतून आली की ती खोलीचे दार लावून बसते. जेवताना वाढलेले सगळे मुकाट्याने संपवते आणि रात्री पोट दुखते म्हणून सांगते. अकरावीच्या वर्गात शिकवणे इंग्रजीतून होते, पण मधल्या सुट्टीत मुली मराठीत बोलू लागल्या की ती एकटी पडते. पाहुणचारात आपलेच काही कमी पडते आहे, असे माझ्या सासूबाईंना वाटते. ज्यांच्याकडे अशी मुले राहिली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
ताई, आमच्याकडे दोन मुली राहून गेल्या, त्यावरून सांगते की पाहुणचार कमी पडत नसून जास्त होतो आहे. ताटात आलेले संपवावे ही तिच्या घरची शिस्त असणार, आणि ताट रिकामे दिसले की पुन्हा वाढावे ही आपली रीत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चांगुलपणात तिच्या पोटाचे हाल होतात. तिला ‘पुरे’ हा शब्द शिकवा, आणि तिने एकदा ‘नको’ म्हटले की ते खरोखरच नको असते, हे सासूबाईंना समजावून सांगा.

रोटरीत ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ म्हणून एक यादी वापरतात: तुम्हाला काय म्हणून हाक मारू, माझे कपडे कोण धुणार, सकाळी न्हाणीघर किती वाजता वापरू, फ्रीजमधले न विचारता घेतले तर चालेल का. ती यादी घेऊन आजही बसता येईल. आमच्या पहिल्या मुलीने गीझर आपण लावावा की नाही हे न कळल्यामुळे पंधरा दिवस गार पाण्याने अंघोळ केली आणि सर्दी झाल्यावरच आम्हाला त्याचा पत्ता लागला, याचे मला आजही वाईट वाटते. तिला घरातले एखादे रोजचे काम अवश्य द्या, मग ते ताटे घेण्याचे असो की कोथिंबीर निवडण्याचे.

प्रतिसाद २
मी याच कार्यक्रमातून एक वर्ष जर्मनीत राहिलो आहे. तिकडे खोलीचे दार बंद असणे हे रागाचे किंवा दुःखाचे लक्षण मानत नाहीत. शिवाय दिवसभर परकी भाषा ऐकून डोके इतके शिणते की तासभर शांतता लागतेच. दार वाजवा आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबा. पहिल्या संध्याकाळी मला आणखी पाव हवा का असे विचारल्यावर मी आभार मानावेत म्हणून ‘डांके’ म्हणालो. तिकडे त्या जागी नुसत्या ‘डांके’चा अर्थ ‘नको’ असा होतो, त्यामुळे मी अर्धपोटी झोपलो. पाव, चीज असे थंडच रात्रीचे जेवण असते हे ठाऊक नसल्याने गरम जेवणाची वाट पाहत होतो, ते वेगळेच.

प्रतिसाद ३
मी शिक्षिका आहे. जर्मनीत वर्गात तोंडी भाग घेण्यालाही गुण असतात, त्यामुळे नुसते उतरवून घेण्याच्या तासाला आपण काय करावे, हे तिला उमजत नसेल. विषयशिक्षकांना भेटून, तिला अधूनमधून प्रश्न विचारा, एवढी विनंती करा. सोबतीण म्हणून वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीपेक्षा तिच्याच रिक्षातली मुलगी बरी, कारण तिचा सहवास रोजचा असतो. मधल्या सुट्टीसाठी थ्रोबॉल किंवा लेझीम सुचवते. तिथे भाषेवाचून अडत नाही. रोटरीने नेमलेले समुपदेशक यजमान घराबाहेरचे असतात. त्यांच्याशी तिला एकटीला बोलू द्या, आणि झोप किंवा भूक बरेच दिवस बिघडलेली दिसली तर त्यांना लगेच कळवा.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. काल यादी घेऊन बसलो, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता की सासूबाईंना ‘आजी’ म्हटले तर चालेल का. आज सकाळी सासूबाईंनी तिला दोनच पोळ्या वाढल्या आणि तिसरी हवी का, असे आधी विचारले.