२९ पैकी २९ : जुन्या संघांचे सत्कार, तुमचे अनुभव लिहा

केयुगाकाठची

कॉर्नेलचा जुना गोलकीपर केन ड्रायडन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गेला, तेव्हापासून कॉर्नेलचं बर्फाचं मैदान, लायना रिंक, डोक्यातून जात नाहीये. काल फोनमधले जुने फोटो चाळताना १९७० च्या संघाच्या पन्नाशीचा फोटो सापडला, म्हटलं आता लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : न्यूयॉर्क राज्यातलं इथाका, कॉर्नेल विद्यापीठ, बर्फावरची हॉकी. १९६९-७० चा मोसम. २९ सामने, २९ विजय. बरोबरीसुद्धा एकही नाही. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज हॉकीत असा निखळ मोसम करून राष्ट्रीय विजेतेपद नेणारा दुसरा संघ अमेरिकेत आजवर झालेला नाही. उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनला २-१ नं हरवलं, अंतिम सामन्यात क्लार्कसनला ६-४ नं. लेक प्लॅसिडला झाला तो. डॅन लॉडबोआ या बचावपटूनं शेवटच्या पिरियडमध्ये तीन गोल केले. बचावपटूनं!

ड्रायडन त्या संघात नव्हता, हे मला सगळ्यात भारी वाटतं. तो १९६९ लाच पदवी घेऊन गेलेला. कॉर्नेलसाठी त्याचे ७६ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी. सहा फूट चार इंचाचा हा माणूस गोलमधून गेल्यावर कुठल्याही संघानं हाय खाल्ली असती. त्याच्या जागी उभा राहिला ब्रायन क्रॉपर, अगदी लहान चणीचा. आणि त्या वर्षी एकही सामना गेला नाही.

पन्नाशीला बर्फावर रबरी पट्टी अंथरली होती, तिच्यावरून सगळे एकेक करत आले. सत्तरी ओलांडलेले, दोघं एकमेकांचं कोपर धरून. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, १९७० मध्ये इथेच शिकत होत्या म्हणाल्या. निवेदकाच्या आधी त्याच नाव घ्यायच्या, आणि एकदाही चुकल्या नाहीत. फारसं खेळायला न मिळालेल्या एका गृहस्थांनाही लॉडबोआइतक्याच टाळ्या पडल्या, तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. वर्षभर सरावात त्या मोठ्या खेळाडूंना घाम फोडणारे हेच की. लोकांनी ते पन्नास वर्षं लक्षात ठेवलं होतं.

तुम्ही असा सत्कार पाहिला असेल, किंवा तुम्हीच त्या संघात असाल, तर लिहा. हॉकीच हवी असं नाही, पण असली तर मला जास्त आनंद.

खडकीचा_पोरगा

ताई, आमची हॉकी गवतावरचीही नाही, मुरमावरची! पडलं की गुडघा सोलून निघायचा, आणि चेंडू कुठे उसळेल ते देव जाणे. खडकीत पोरगं चालायला लागलं की हातात स्टिक. धनराज पिल्ले आमच्याच गल्ल्यांतून वर गेला, त्यामुळे आम्हा सगळ्यांना वाटायचं की पुढचा नंबर आपलाच.

आमच्या कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन जिंकली त्याला २५ वर्षं झाली म्हणून सगळे जमलो होतो. गोलकीपर दुबईहून आला. मैदानावर फक्की मारणारे मामा होते, त्यांना शोधून आणलं. मामांनी स्टेजवर माईक हातात घेतला आणि प्रत्येकाची जागा सांगितली. "हा लेफ्ट आउट. हा सेंटर हाफ, ह्याला उन्हाचा त्रास. ह्याची आई डबा द्यायला यायची." पहिली शाल मामांना घातली. प्राचार्यांचं भाषण कुणालाच आठवत नाही, मामांचं सगळ्यांना पाठ आहे.

दोन_थर्मास

@केयुगाकाठची अगं पन्नाशीच्या त्या रात्री तू होतीस?? आम्ही पण! सेक्शन बी मध्ये. इतकी वर्षं इथे गप्पा मारतोय आणि आज कळतंय. गाडी कुठे लावली होतीस? आम्ही अर्धा तास फिरत होतो, शेवटी खाली लावून चढ चढून आलो. थालीपिठं गार झाली.

केयुगाकाठची

@दोन_थर्मास मैत्रिणीच्या लॅबमागे लावली होती. गार थालीपीठ लोण्याबरोबर जास्त चांगलं लागतं.

शेतकीवाला

पुण्याच्या शेतकी कॉलेजातून कॉर्नेलला गेलो, त्यामुळे मला माशांची गोष्ट सांगायलाच हवी. कॉर्नेलमध्ये मोठं शेतकी कॉलेज आहे. १९७० च्या दशकात हार्वर्डवाल्यांनी त्यावरून चिडवायला सामन्यात कोंबडी आणली. उत्तर म्हणून इथाकात हार्वर्डचा संघ बर्फावर आला की मासे फेकायला सुरुवात झाली, ती आजतागायत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हबकलो होतो. मग शेजारच्या पोरानं कोंबडीची गोष्ट सांगितली आणि एकदम आपलं वाटायला लागलं. शेतकीवाल्यांना कमी लेखलं की असं होतं, राहुरी असो नाहीतर इथाका!

समोरच्या संघाची नावं पुकारत असताना सगळं पब्लिक पेपर उघडून वाचत बसतं, तेही सांगा कुणीतरी.

ओरोनोकर

कॉर्नेलचं ठीक आहे, पण १९९३ च्या आमच्या ओरोनोच्या मेन विद्यापीठाला विसरू नका हां. ४२ विजय, १ हार, २ बरोबरी. एकच हार, तीही ओव्हरटाइममध्ये, बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून. अंतिम सामन्यात लेक सुपीरियर स्टेटविरुद्ध २-४ असे मागे होते. शेवटच्या पिरियडमध्ये जिम माँटगोमेरीनं तीन गोल मारले, तिन्हींना पॉल कारियाचा पास, आणि ५-४. प्रशिक्षक शॉन वॉल्श २००१ मध्ये कॅन्सरनं गेले. त्यामुळे ओरोनोत त्या संघाचा विषय निघाला की वॉल्शचं नाव येतंच आणि क्षणभर सगळे गप्प होतात. आमच्या डिपार्टमेंटमधली सेक्रेटरी अंतिम सामन्याच्या तिकिटाचा तुकडा पाकिटात ठेवायची. मला एकदाच हातात धरू दिला.

सौ_न्यूजर्सी

धागा वाचला, छान आहे. पण मला एक सांगा, मुलीनं या वर्षी हॉकी सुरू केली आहे आणि किटच्या बॅगेचा वास गॅरेजमधून स्वयंपाकघरात येतोय. काय करता तुम्ही लोक? ग्लोव्हज तर जवळ घेववत नाहीत.

मुक्काम_नाशिक

१९७५ चा विश्वचषक! क्वालालंपूर, पाकिस्तानला २-१. अशोककुमारचा गोल. वडील सांगायचे की रेडिओभोवती अख्खी आळी जमली होती आणि गोल झाल्यावर कुणीतरी दुधाचं पातेलं लाथाडलं. २०२५ मध्ये त्या विजयालाही पन्नास वर्षं झाली. अजितपाल सिंगांच्या त्या संघातली किती नावं आजच्या पोरांना सांगता येतील? त्या आजींसारखी आपल्याकडेही माणसं हवीत. वडील होते तोवर आमच्या घरी तरी होतं एक.

खडकीचा_पोरगा

@मुक्काम_नाशिक दादा, वडिलांची आठवण वाचून बरं वाटलं. त्यांना नमस्कार.

बॉस्टनची_माई

आमच्याकडे बीनपॉट ही हॉकी स्पर्धा. फेब्रुवारीचे दोन सोमवार, शहरातली चार कॉलेजं. १९७८ मध्ये पहिल्याच सोमवारी बर्फाचं महाभयंकर वादळ आलं. सामना बघायला गेलेली माणसं बॉस्टन गार्डन या स्टेडियममध्येच अडकली, काही जण तर कित्येक दिवस. माझ्या ऑफिसातले एक काका त्यांच्यातले. हॉट डॉग खाऊन दिवस काढले आणि खुर्च्यांवर झोपले. त्या वर्षी बॉस्टन युनिव्हर्सिटी राष्ट्रीय विजेती झाली. त्यातली काही पोरं दोन वर्षांनी १९८० च्या ऑलिंपिक संघात होती, ज्यांनी लेक प्लॅसिडला सोव्हिएत रशियाला हरवलं. काकांना विजेत्या संघाबद्दल विचारलं तर ते वादळाबद्दलच बोलतात. अडकलेल्या लोकांतल्या काहींशी त्यांचा अजून पत्रव्यवहार आहे.

मिनेसोटावाली

माई, ऑलिंपिक संघातल्या २० पैकी १२ जण आमच्याकडचे होते. :) आणि प्रशिक्षक हर्ब ब्रुक्ससुद्धा. त्यांनी मिनेसोटाला १९७४, ७६, ७९ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं दिली. इथे लग्नात सासरेबुवा जावयाला आधी विचारतात की स्केटिंग येतं का. बाकी रात्री लिहिते, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

एक_वाचक

रसभंग करायचा नाहीये, पण मनातलं विचारते. हे सत्कार नेहमी जिंकलेल्यांचेच का? माझा भाऊ विद्यापीठाच्या कबड्डी संघात होता. अंतिम सामना एका गुणानं हरले. त्या मुलांना पुन्हा कुणी कधी बोलावलं नाही. भाऊ अजून त्या शेवटच्या चढाईबद्दल बोलतो.

केयुगाकाठची

@एक_वाचक अगदी खरं बोललीस. १९६९ मध्ये ड्रायडनचा कॉर्नेल अंतिम सामन्यात डेन्व्हरकडून ४-३ नं हरला होता. १९७० च्या संघातले बरेचसे त्या दिवशी बर्फावर होते. त्या हरलेल्या रात्रीशिवाय पुढचे २९ झाले असते असं मला वाटत नाही.

आणि पन्नाशीच्याच हिवाळ्यातली गोष्ट. २०२० चा कॉर्नेलचा संघ २३ विजय, २ हार, ४ बरोबरी अशा कामगिरीवर देशात पहिल्या क्रमांकावर होता. मार्चमध्ये कोविडमुळे सगळं रद्द झालं. ते हरले नाहीत, जिंकले नाहीत, त्यांना खेळायलाच मिळालं नाही. १९७० नंतर कॉर्नेलकडे हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपद आलेलं नाही. त्या पोरांना बोलवायला हवं, आणि तुझ्या भावालाही. खरंच त्यांच्यासाठी काहीतरी कर, निदान घरी जेवायला बोलाव सगळ्यांना.

एक_वाचक

सातजण तर मुंबई-ठाण्यातच आहेत. वहिनीला फोन करते आजच.

शेतकीवाला

१९७० नंतर कॉर्नेलचे प्रशिक्षक नेड हार्कनेस डेट्रॉइटला गेले आणि त्यांच्या जागी प्रशिक्षक कोण झालं माहितीये? डिक बर्ट्रंड, त्याच अजिंक्य संघातला खेळाडू. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांनाच आज शिकवायचं. मला त्याच्या पहिल्या सरावाबद्दल ऐकायला फार आवडेल. कुणी भेटलंय का त्यांना?

दोन_थर्मास

मी नाही भेटले. पण कॉर्नेलचे प्रशिक्षक माइक शेफर २०२५ मध्ये ३० मोसमांनंतर निवृत्त झाले तेव्हा रडले होते मी. जाता जाता कॉन्फरन्सचा, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांचा, चषक सलग दुसऱ्यांदा जिंकून दिला, लेक प्लॅसिडलाच. मार्चमध्ये कोण येतंय तिकडे? सिरॅक्यूजहून आमच्या गाडीत दोन जागा आहेत.

केयुगाकाठची

एक माझी. रात्रीचं परत यायचं की राहायचं?

दोन_थर्मास

राहू. अॅडिरॉन्डॅकच्या डोंगरातल्या त्या रस्त्यावर रात्री हरणं येतात. यांना मी चालवू देत नाही.

ओरोनोकर

@सौ_न्यूजर्सी तुमच्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नाही. घरी आल्या आल्या बॅग पूर्ण रिकामी करायची, बंद ठेवायचीच नाही. ग्लोव्हज आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्यासमोर ठेवा. आतले कपडे प्रत्येक सरावानंतर धुवायचे, आठवड्यातून एकदा नाही. व्हिनेगर-पाण्याचा फवारा मारलात तरी चालतं, मात्र पूर्ण वाळू द्या.

सौ_न्यूजर्सी

बोळे आत्ताच कोंबले. मुलगी विचारतेय, बचावपटूला खरंच तीन गोल मारता येतात का? ती पण बचावात खेळते.