ब्राझील लीग २००५ : किताब कोरिंथियन्सने जिंकला की न्यायाधिकरणाने दिला?

डावा_विंगर (धागाकर्ता)

ब्राझीलच्या अव्वल फुटबॉल लीगचा, म्हणजे सेरी आचा, २००५चा हंगाम. २२ संघ, प्रत्येकी ४२ सामने. शेवटी कोरिंथियन्स ८१ गुण, इंटरनॅसिओनाल ७८. माझं मत आधीच सांगून टाकतो : पोर्तो अलेग्रेच्या इंटरवर त्या वर्षी सरळसरळ अन्याय झाला.

प्रकरण माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सप्टेंबरात 'वेजा' साप्ताहिकाने बातमी फोडली की एदिल्सन परेरा द कार्व्हाल्यो हा फिफाचा बिल्ला असलेला रेफ्री सट्टेवाल्यांकडून पैसे घेतो. क्रीडा न्यायाधिकरणाचे अध्यक्ष लुईझ झ्वाइतेर यांनी त्या हंगामातले त्याचे अकराच्या अकरा सामने रद्द करून पुन्हा खेळवले. त्यात कोरिंथियन्सचे दोन होते : सांतोसकडून ४-२ हार आणि साव पावलोकडून ३-२ हार. फेरसामन्यात त्यांनी सांतोसला ३-२ हरवलं आणि साव पावलोशी १-१ बरोबरी केली. शून्याचे चार गुण झाले. इंटरचा कोरितिबाशी झालेला सामनाही रद्द झाला होता, पण तो ते आधीही जिंकले होते आणि नंतरही जिंकले. आता वजाबाकी करा : कोरिंथियन्स ७७, इंटर ७८.

आगाऊ_गोलकीपर

वजाबाकी बरोबर, निष्कर्ष साफ चूक. ज्या सामन्याच्या रेफ्रीने पैसे खाल्लेत तो सामना झालाच नाही असं धरायला हवं. पेपर फुटला की फेरपरीक्षा सगळ्यांची होते. कोणी कॉपी केली आणि कोणी नाही हे शोधत बसत नाहीत. फेरसामन्यात सांतोसलाही जिंकायची तेवढीच संधी होती. नाही जिंकले, त्याला कोरिंथियन्स काय करणार?

डावा_विंगर

तेवढीच संधी कुठे होती? मूळ सामना जुलैच्या अखेरीस झाला, फेरसामना ऑक्टोबरात. मधल्या काळात रोबिन्यो सांतोस सोडून रेआल माद्रिदला गेला. ऑक्टोबरातला सांतोस हा निराळाच संघ होता. आणि परीक्षेचंच म्हणाल तर पहिल्या खेपेला नापास झालेल्यालाच फेरपरीक्षेचा फायदा मिळतो. जो पास झालाय त्याच्या हाती नवं काही लागत नाही, असलेलं तेवढं जाऊ शकतं. इंटरचंही तसंच, पुन्हा जिंकूनही हाती नवं काही लागलं नाही.

रेषेवरचा_चेंडू

क्रिकेटवाल्यांनो, आठवतंय का? जानेवारी २०००ची सेंच्युरियन कसोटी. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यायचा असं ठरवून घेतलं, सामन्यात जान आणली, इंग्लंड जिंकलं, आणि त्यामागे बुकीचे पैसे होते हे नंतर बाहेर आलं. तो निकाल आजही रेकॉर्डमध्ये इंग्लंडचा विजय म्हणून आहे. कोणी पुसला नाही. दोषी माणसाला शिक्षा करा, निकालाला हात लावू नका. एकदा हात लावायला लागलात की कुठे थांबणार?

आगाऊ_गोलकीपर

@रेषेवरचा_चेंडू, कसोटी मालिका पुन्हा खेळवायची सोय नसते. लीगमध्ये, हंगाम चालू असताना, ती असते. त्या मालिकेचा निकालही तोवर लागून गेला होता. इथे खालून चार संघ दुसऱ्या विभागात जाणार होते, वर किताब होता. वाकडे निकाल तसेच ठेवले असते तर प्रत्येक क्लब कोर्टात गेला असता.

जुना_स्टँड

दोन्हीकडचे एक गोष्ट गाळताय. एदिल्सनच्या हातून प्रत्येक सामना 'सेट' झालाच असं नाही. अकरा खेळाडू ठरवून खेळत असतील तर गोष्ट वेगळी. एकटा रेफ्री पेनल्टी देईल, कार्ड काढेल, पण गोल थोडाच मारणार? ज्या सामन्यांत कोर्टापुढे ठेवण्याजोगा पुरावा होता तेवढेच रद्द करायचे होते. सरसकट निर्णय घेतला, कारण तो सोपा होता.

आणि खरं सांगू? मला त्या अकरा सामन्यांपेक्षा २० नोव्हेंबरचा पाकाएम्बू मैदानावरचा सामना जास्त खुपतो. कोरिंथियन्स विरुद्ध इंटर, हा सामना धरून तीन फेऱ्या उरलेल्या. कोरिंथियन्सच्या टेव्हेझचा गोल, मग इंटरच्या राफाएल सोबिसची बरोबरी. उत्तरार्धात इंटरचा टिंगा चेंडू घेऊन बॉक्समध्ये घुसला आणि गोलकीपर फाबिओ कोस्ताने त्याला आडवा केला. रिप्लेमध्ये स्पष्ट दिसतं. रेफ्री मार्सिओ रेझेंदेने पेनल्टी तर दिली नाहीच, उलट नाटक केलं म्हणून टिंगाला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलं. नंतर स्वतः चूक कबूल केली म्हणे. कबुलीने गुण परत येतात का?

वांद्रे_वेस्ट_११

कोरिंथियन्सचा चाहता आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. इंटर तो सामना जिंकलं असतं तरी अंतिम हिशेब ८०-८० झाला असता. पुढच्या दोन फेऱ्या मग कशा झाल्या असत्या देव जाणे. शेवटच्या दिवशी आम्ही गोइयासकडून ३-२ हरलो, हे मान्य. पण त्याच दिवशी इंटरही कोरितिबाकडून हरलं, आणि ते कोरितिबा त्याच वर्षी खाली गेलं! किताब हवा होता तर तिथे दाखवायचं होतं. बाकी टेव्हेझचे २० गोल आणि त्याच नोव्हेंबरात त्याच सांतोसला ७-१ धुतलं, ते काय झ्वाइतेरसाहेबांनी मारले का?

डावा_विंगर

टेव्हेझ भारीच होता, त्यावर वाद नाही. पण तो आणि मास्चेरानो ज्या एमएसआय या गुंतवणूक कंपनीच्या पैशावर आले तो पैसा नक्की कोणाचा, हे विचारणाऱ्यांना काय उत्तर मिळालं? किया जूराब्शियानचं नाव पुढे, मागे कोण ते धूसर. दोन वर्षांत ती भागीदारी मोडली आणि २००७मध्ये कोरिंथियन्स स्वतःच दुसऱ्या विभागात गेलं.

वांद्रे_वेस्ट_११

मालक कोण हा वेगळा धागा काढा. विषय गुणांचा आहे.

रेषेवरचा_चेंडू

इंटरवाल्यांनी बरीच भरपाई करून घेतली तशी. २००६मध्ये लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत साव पावलोविरुद्ध गोल कोणी केला? टिंगाने. आणि जल्लोषात जर्सी वर ओढली म्हणून पुन्हा दुसरं पिवळं कार्ड, पुन्हा बाहेर! या माणसाच्या नशिबात कार्डच होती. वर्षअखेरीस बार्सिलोनाला हरवून क्लबांचं जगज्जेतेपदही घेतलं.

जुना_स्टँड

ते घेतलं म्हणून २००५चं मिटत नाही. एदिल्सनवर आजन्म बंदी आली, पण फौजदारी खटला टिकला नाही. सामन्याचा निकाल विकणं हा ब्राझीलच्या कायद्यात वेगळा गुन्हाच नव्हता, तो २०१०मध्ये केला गेला. म्हणजे पैसे खाणारा तुरुंगाबाहेर, आणि शिक्षा भोगली ती ज्यांनी त्याला कधी काही दिलं नव्हतं त्यांनी.

आगाऊ_गोलकीपर

शिक्षा? इंटरचा एक गुणही कोणी काढून घेतला नाही. जुना_स्टँड, तुमच्या पद्धतीने चालायचं तर एक सांगा : सांतोस-कोरिंथियन्सचा सामना पुराव्यात बसला असता तर तो पुन्हा खेळवायला तुमची हरकत नसती ना? मग ते तीन गुण तसेही गेले असते.

जुना_स्टँड

नसती. पण आधी पुरावा दाखवा, मग खेळवा. आणि तीन गुण धरूनही हिशेब ८०-७८ होतो. साव पावलोविरुद्धचा एक तरी मिळाला नसता. मग पाकाएम्बूची ती पेनल्टी किती महागाची होती ते मोजा.